म्हशीचा हिशेब मांजरीला लागत नाही

«डॉक्टर, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. घरी दोन म्हशी आहेत आणि काजळी नावाची मांजर. मागच्या जुलैत पंचगंगेचं पाणी चढत होतं त्या आठवड्यात ती गोठ्यातल्या वैरणीत सापडली, महिन्याभराची असेल. २० जानेवारीला ती पहिल्यांदा माजावर आली, तेव्हा तिला काहीतरी चावलं असं समजून आम्ही रात्रभर जागलो. तेव्हापासून मी कॅलेंडरवर फुली मारते: २० जानेवारी, ४ फेब्रुवारी, १९ फेब्रुवारी, मग एकदम १४ एप्रिल, त्यानंतर २ मे, १९ मे आणि आता २ जून. दर वेळी सहा ते आठ दिवस ओरडते. या वेळी १४ दिवस झाले, अजून थांबलेली नाही. सासूबाई म्हणतात, ‘म्हस एकवीस दिवसांनी माजावर येती, हिचं काय ताळतंत्रच न्हाई. पिशवीत कायतरी बिघाड हाय.’ रक्त मात्र कधीच दिसलं नाही, त्याचीही काळजी वाटते. २४ फेब्रुवारीच्या रात्री ती माडीच्या खिडकीतून पळाली आणि पहाटे परत आली. शेजारी सांगतात, एक इंजेक्शन मिळतं, दिलं की सहा महिने शांतता. कुणी म्हणतं, एकदा व्यायला द्या, मग ऑपरेशन करा. पाचवीतल्या मुलीला तर पिल्लं हवीच आहेत. मी काय करू?»

ताई,

तुम्ही मारलेल्या सात फुल्या मी कागदावर उतरवून घेतल्या आणि मगच लिहायला बसलो. मांजर घेऊन येणारी बहुतेक माणसं एवढंच सांगतात की ‘सारखीच ओरडते’. कधीपासून, किती दिवस, मध्ये किती खंड पडला, हे कुणाला आठवत नाही. तुम्ही ते लिहून ठेवलंत, त्यामुळे काजळीला न बघताही मला बरंच सांगता येतंय.

आधी मुद्द्याचं. पहिल्या सहा फुल्यांमध्ये मला आजार दिसत नाही. सातवीवर लक्ष ठेवायला हवं, त्याबद्दल पुढे लिहितो. आणि काजळीचं ऑपरेशन करून घ्या, लवकर. इंजेक्शन नको आणि ‘एकदा व्यायला’ देणंही नको.

आता सासूबाईंचा २१ दिवसांचा हिशेब. म्हशीच्या बाबतीत तो बरोबर आहे, आणि ज्या बाईने आयुष्यभर गोठा सांभाळला तिने जनावराचं चक्र दिवस मोजून ओळखावं हे मला फार आवडलं. मीही नोकरीची बरीच वर्षं म्हशीच तपासल्या आहेत. म्हशीच्या अंडाशयात बीज पिकतं आणि ठरल्या वेळी सुटतं, मग रेडा असो वा नसो. बीज सुटलं की त्या जागी एक गाठ तयार होते, ती दोन-अडीच आठवडे काम करते, गर्भ राहिला नाही तर विरते आणि पुढचा माज येतो. सगळं मिळून साधारण २१ दिवस. गोठ्यातलं हे घड्याळ आतूनच चालतं.

मांजरीचं घड्याळ तसं नाही. तिच्या अंडाशयात बीजं पिकतात, ती माजावर येते, पण बीज सहसा सुटतच नाही. ते सुटायला बोक्याशी संग व्हावा लागतो. संगाच्या वेळी बोक्याच्या लिंगावरचे बारीक काटे योनीला घासतात, ती संवेदना मेंदूपर्यंत जाते, मेंदूतून एक संप्रेरक रक्तात येतं आणि त्यानंतर साधारण एक-दोन दिवसांत बीजं सुटतात. एका संगाने बहुधा भागत नाही, म्हणून त्या काळात मांजर पुन्हा पुन्हा बोक्याजवळ जाते. सशाच्या मादीचंही असंच असतं. बोकाच भेटला नाही तर पिकलेली बीजं आपोआप जिरतात, मांजर आठवडाभर, कधी दोन-तीन आठवडे शांत होते, तेवढ्यात बीजांची पुढची खेप पिकायला लागते. म्हणजे म्हशीचा माज ‘फुकट गेला’ तरी २१ दिवसांची फेरी पूर्ण होते, मांजरीची मात्र फेरी अर्ध्यावरच मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून तिच्या तारखा इतक्या जवळजवळ येतात. माज ३ दिवसांचाही असतो, १४ दिवसांचाही असतो. बहुतेकींचा आठवड्याच्या आसपास.

हे डोक्यात ठेवून तुमचं कॅलेंडर पुन्हा बघा. २० जानेवारीला काजळी साडेसात महिन्यांची होती. पहिल्या माजाला हे अगदी योग्य वय आहे. साध्या देशी मांजरी सहा ते नऊ महिन्यांत पहिल्यांदा माजावर येतात, एखादी चार-पाच महिन्यांतही येते. पर्शियन बऱ्याचदा वर्ष उलटेपर्यंत येत नाही. ४ फेब्रुवारी आणि १९ फेब्रुवारी या फुल्या पंधरा-पंधरा दिवसांनी आल्या, बोका भेटला नव्हता, ठीक. मग २४ तारखेची रात्र. ती खिडकीतून गेली आणि पहाटे आली. त्या दिवशी तिच्या मानेवरचे केस ओले किंवा विस्कटलेले होते का, मानेला बारीक ओरखडा होता का, हे आठवून बघा. बोका संगाच्या वेळी मान दातांत धरतो. दिसलं असो वा नसो, पुढची फुली सांगतेच की त्या रात्री बहुधा संग झाला होता. कारण त्यानंतर ४९ दिवस काहीच नाही, आणि मग १४ एप्रिल.

संग झाला, बीजं सुटली, पण गर्भ राहिला नाही, तर मांजरीचं शरीर काही काळ गाभण असल्यासारखंच वागतं. याला खोटं गाभणपण म्हणतात. त्यात माज साधारण ४० ते ५० दिवस येत नाही. खरी गाभण असती तर ती साधारण ६५ दिवसांनी, म्हणजे एप्रिलच्या शेवटी व्यायली असती. ४९ दिवसांचा तो खंड, जो तुम्हाला आणि सासूबाईंना सगळ्यात जास्त खटकला, तोच माझ्या दृष्टीने या कॅलेंडरवरचा सगळ्यात सरळ भाग आहे. (गर्भ राहून अगदी सुरुवातीला जिरला असंही होऊ शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि आता त्याने काही फरक पडत नाही.) त्यानंतर २ मे, १९ मे, २ जून. खिडकी बंद, बोका नाही, पुन्हा जुनीच चाल.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना नक्की सांगा, त्यांना पटेल. आपल्या म्हशी दिवस लहान व्हायला लागले की, पावसाळा सरल्यावर आणि थंडीत, जास्त चांगल्या माजावर येतात, उन्हाळ्यात मंद होतात. हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असणार. मांजरीचं बरोबर उलटं. तिला दिवस मोठा लागतो. अंधारात मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडते, रात्र मोठी असली की ते जास्त वेळ रक्तात राहतं आणि मांजरीचं अंडाशय त्याने झोपी जातं. रोज १२ ते १४ तास उजेड मिळाला की ते जागं होतं. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, म्हणून तिकडच्या मांजरींना हिवाळ्यात दोन-तीन महिने चांगली विश्रांती मिळते. कोल्हापुरात डिसेंबरचा दिवससुद्धा ११ तासांचा, जूनचा १३ तासांचा. फरक इतका थोडा की आपल्या मांजरींना ऋतू असा धड कळतच नाही. त्यात घरात रात्री ११ पर्यंत ट्यूबलाइट, टीव्ही. काजळीच्या अंडाशयाला डिसेंबर आणि जून सारखेच वाटले तर नवल नाही. ‘जानेवारीत मांजर माजावर कशी?’ असं कोडं कुणाला पडलं तर त्याचं उत्तर घरातल्या दिव्याखाली आहे.

रक्ताचं म्हणाल तर, मांजरीला माजात रक्त जात नाही. कुत्रीला जातं, म्हणून लोकांची गल्लत होते. गाई-म्हशीसारखा काचेसारखा सोट, म्हणजे चिकट स्रावही मांजरीला दिसत नाही. तिचा माज सगळा वागण्यात असतो: घसा बसेपर्यंत ओरडणं, जमिनीवर लोळणं, पायात घोटाळणं, गालाने खुर्ची-दार घासत राहणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करणं, शेपूट एका बाजूला आणि मागचे पाय जागच्या जागी आपटणं. कधी उभ्याने भिंतीवर लघवीची पिचकारी मारतात, जेवणही एक-दोन दिवस कमी होतं. ती ओरडते म्हणजे तिचं काही दुखतंय असं नाही. आणि याच्या उलट, रक्त दिसलं किंवा कसलाही घाण वासाचा, पिवळसर, तपकिरी स्राव दिसला, तर तो माज समजू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

म्हशीचा मुका माज तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असेल. मांजरीचाही असतो. घरात दोन-तीन मांजरी असतील आणि एक दबून राहणारी असेल, तर ती माजावर येते पण ओरडत नाही, लोळत नाही. मालकाला वाटतं हिला माज येतच नाही, आणि एक दिवस ती गाभण निघते. तुमच्याकडे एकच मांजर आहे, त्यामुळे हा प्रश्न नाही. हे दुसऱ्या वाचकांसाठी.

आता सातवी फुली. १४ दिवस हे नेहमीच्या मर्यादेच्या काठावर आहे. बहुतेक वेळा अशा लांबलेल्या माजात बीजांची एक खेप जिरायच्या आतच दुसरी पिकायला लागते, दोन माज एकमेकांना जोडले जातात आणि आपल्याला तो एकच लांबलचक माज वाटतो. हे होणं मला स्वाभाविक वाटतं. पण कधी अंडाशयावर पाण्याची गाठ होते, ती संप्रेरक सोडत राहते आणि मांजर आठवडेच्या आठवडे माजावरच राहते. दोन्हींतला फरक बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं: २३ जूनपर्यंत, म्हणजे तीन आठवडे पुरे होईपर्यंत, ती थांबली नाही तर सोनोग्राफी होते अशा दवाखान्यात घेऊन जा. त्याच्या आत तिचं खाणं पूर्ण बंद झालं तर एवढीही वाट बघू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की तिच्या यकृतात चरबी साठायला लागते, आणि ते प्रकरण माजापेक्षा फार वाईट. गाठ निघाली तरी घाबरू नका. त्यावरचा खात्रीचा इलाजही ऑपरेशनच आहे, अंडाशयासकट गाठ निघून जाते.

आणि एक बघा, ती लघवीच्या जागी वारंवार जाऊन बसते का, जोर करते का, थेंब थेंब होते का? लघवीच्या त्रासातही मांजरी ओरडतात, आणि ‘माजावर आलीय’ म्हणून तो त्रास चार-चार दिवस तसाच राहतो.

गर्भपिशवीत पू होणं याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण सासूबाईंचं ‘पिशवीत बिघाड’ हे वाक्य आज काजळीला लागू नसलं तरी उद्या लागू होऊ शकतं. दर वेळी बीज सुटलं की गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं, पिशवीचं तोंड मिटतं, आत जंतू गेलेले असले तर त्यांना उबदार, बंद जागा मिळते. असं वारंवार होत राहिलं की एखाद्या खेपेला आत पू भरतो. हे माज संपल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत कळून येतं. वय वाढलेल्या मांजरींत जास्त, पण तरुण मांजरींतही मी पाहिलंय. बोक्याचं तोंड न पाहिलेल्या मांजरी यातून सुटतात असंही नाही, कारण काही मांजरींचं बीज संग न होताही सुटतं.

आमच्याच घरी हे झालं. आईने पाळलेली भुरी नावाची मांजर होती, सहा-सात वर्षांची. मी तेव्हा नोकरीत नवीन, दिवसभर गावोगाव म्हशी तपासत फिरायचो. सुट्टीत घरी आलो तर आई म्हणाली, भुरी पाणी फार पिते आणि गाभण दिसते. मी पोटाकडे बघितलं, होय म्हटलं आणि जेवायला बसलो. हात लावून तपासलं नाही. तिसऱ्या दिवशी भुरी चुलीमागे जाऊन बसली, उठली नाही. पोट पिल्लांनी नाही, पुवाने भरलं होतं. पिशवीचं तोंड बंद होतं, त्यामुळे बाहेर एक थेंबही आला नव्हता. आईने मला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून ‘पाणी फार पिते’ हे शब्द कानावर आले की मी हातातलं काम ठेवतो. तुम्हीही ठेवा. माजानंतरच्या महिना-दोन महिन्यांत मांजर मलूल झाली, पाणी जास्त प्यायला लागली, उलटी केली, पोट फुगलं, कोपऱ्यात जाऊन बसली, यांतलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. वेळेत ऑपरेशन झालं तर बहुतेक मांजरी वाचतात.

यावरूनच इंजेक्शनचं उत्तर. शेजारी म्हणतात ते इंजेक्शन बहुधा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं असतं. बीज सुटल्यावर शरीरात जे संप्रेरक तयार होतं, त्याच जातीचं औषध बाहेरून, मोठ्या मात्रेत द्यायचं. ओरडणं थांबतं, हे खरं. पण गर्भपिशवीचं अस्तर त्याने महिनोन् महिने जाड राहतं आणि पुवाचा धोका वाढतो. काही तरुण मांजरींची आचळं आठवड्याभरात लिंबाएवढी सुजतात. साखरेचा आजार होऊ शकतो, आचळाचा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. एकदा टोचलं की परत काढता येत नाही. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्याही त्याच कारणाने नकोत. शेजाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, शांत झोप कुणाला नको? पण औषधाच्या दुकानातून आणून घरी टोचायची ही वस्तू नाही.

आणि ती ओरडते म्हणून कुणी तिला क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉलची गोळी देत असेल तर हात धरा. मांजरीच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

‘एकदा व्यायला द्या, मग ऑपरेशन’ हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्याचा उगम शोधायचा मी सोडून दिला. पहिलं वेत झाल्याने मांजरीची तब्येत सुधारते, स्वभाव शांत होतो, पिशवी ‘साफ’ होते, यांतलं काहीही खरं नाही. उलट वाट बघण्याची किंमत आहे. मांजरीच्या आचळाच्या गाठी दहांपैकी आठ-नऊ वेळा कॅन्सरच्याच निघतात. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर हा धोका ९१ टक्क्यांनी घटतो, वर्षाच्या आत झालं तर ८६ टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षात केलं तर ११ टक्केच. दोन वर्षांनंतर केलं तर या बाबतीत जवळजवळ काही फायदा उरत नाही. काजळी जूनमध्येच वर्षाची होतेय. ती आज उंबरठ्यावर उभी आहे आणि तुम्ही एका वेतासाठी थांबलात तर गाभणपणाचे ६५ दिवस, पिल्लं दूध प्यायची दोन महिने, असे चार महिने तिथेच जातील. शिवाय पिल्लं अंगावर असतानाच मांजर पुन्हा माजावर येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काही तर व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गाभण राहतात. ‘एकदा’ म्हणून सुरू केलेलं एकदावर थांबत नाही.

तेव्हा ऑपरेशन कसं, कधी. माज चालू असताना करता येतं, डॉक्टर करतातही, पण त्या वेळी गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. जमलं तर माज थांबल्यावर पाच-सात दिवसांनी करा. काजळीच्या दोन माजांत तुम्हाला साधारण नऊ-दहा दिवस मिळतात, म्हणजे ती गप्प झाली त्याच दिवशी फोन करून वेळ घ्यायला हवी. माज थांबायचं नावच घेत नसेल तर मात्र ‘थांबू दे, मग बघू’ करत बसू नका; अनुभवी हाताखाली माजातलं ऑपरेशनही व्यवस्थित होतं. गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढणार ना, हे विचारून घ्या. अंडाशयाचा बारीक तुकडा जरी आत राहिला तरी काही महिन्यांनी मांजर पुन्हा माजावर येते आणि पुन्हा पोट उघडावं लागतं. रेबीजची आणि मांजरींच्या इतर आजारांची लस झालेली नसेल तर आधी किती दिवस टोचायची तेही त्याच फोनवर विचारा. तुम्ही लसीचं काही लिहिलेलं नाही आणि ती एक रात्र बाहेर बोक्यांत राहून आलेली आहे, म्हणून रेबीजची लस मी टाळू देणार नाही. खर्च दवाखान्यागणिक वेगळा असतो, तो आधीच स्पष्ट विचारायला संकोच करू नका. शहरात न जमणारी गुंतागुंत निघाली तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण साध्या ऑपरेशनसाठी एवढ्या लांब जायची गरज नाही.

ऑपरेशननंतरचे दहा-बारा दिवस ही तुमची खरी परीक्षा, आणि ती म्हशींमुळे. काजळीला गोठ्याची सवय आहे. ओल्या टाक्यांवर शेण, गोचीड, माश्या, त्यात आपला जून-जुलैचा पाऊस, भिंतींनासुद्धा ओल येते. टाके निघेपर्यंत तिला माडीवरच्या कोरड्या खोलीत ठेवा. मऊ अंथरूण, मातीचा किंवा रेतीचा ट्रे, खिडकीला जाळी. गळ्यात प्लास्टिकची गोल कॉलर घालतील ती तुम्हाला बघवणार नाही, ती भिंतींना धडकेल, मुलगी रडेल. काढू नका. मांजरीची जीभ खरखरीत असते, एका रात्रीत टाके उसवते. टाक्यांची जागा रोज सकाळी बघा: थोडी सूज चालते, पाझर चालत नाही.

मग दूध. धार काढताना ती वाटीजवळ येऊन बसते असा माझा अंदाज आहे, गोठ्यातली कुठली मांजर बसत नाही? धारोष्ण म्हशीचं दूध तिला आवडणारच, पण मोठ्या मांजरीला ते नीट पचत नाही आणि त्यात चरबी भरपूर. ऑपरेशननंतर मांजरीची भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते. आधीच्या पाऊणपट खाणं पुरतं. दूध बंद करा, किंवा सासूबाईंना अगदीच राहवत नसेल तर दोन चमचे. महिन्यातून एकदा तिला पिशवीत घालून वैरणीच्या ताणकाट्याला लटकवण्यापेक्षा, तुम्ही तिला घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा आणि मग एकट्या उभ्या राहा. फरक लिहून ठेवा. कॅलेंडर आहेच.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस कसे काढायचे? माडीची ती खिडकी आजच बंद करा, नुसती लोटून ठेवू नका. माजातली मांजर दोन बोटांच्या फटीतून वाट काढते. रात्री तिच्या खोलीतला दिवा लवकर घालवा. झोपायच्या आधी वीस मिनिटं सुतळीच्या तुकड्यामागे पळवा, मग जेवायला द्या. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी थोपटू नका, त्याने ती आणखी लोळते. डोकं आणि गाल चोळा. इंटरनेटवर माज उतरवायला कापसाच्या काडीचा प्रयोग सांगतात, तो कुणीही घरी करू नये. इजा होते, जंतू आत जातात. ओरडते म्हणून मारू नका, पाणी फेकू नका. तिच्या हातात काही नाही.

मुलीचं राहिलं. तिला खोटं सांगू नका की काजळीला पिल्लं होणार आहेत. पाचवीतल्या मुलीला हे सगळं कळतं, गोठ्यात तिने म्हैस विताना पाहिली असेल. तिला दवाखान्यात बरोबर न्या, टाके कधी काढायचे ती तारीख तिलाच कॅलेंडरवर लिहू द्या. पाऊस लागला की पेठेतल्या गोठ्यांत, वळचणीला, वैरणीच्या गंजीत कुणीतरी सोडलेली पिल्लं ओरडायला लागतात. काजळी तशीच तर आली. टाके निघाले, ती बरी झाली आणि घरात अजून एका मांजराला जागा आहे असं सासूबाई म्हणाल्या, तर यंदाच्या पावसाळ्यात मुलीलाच कान उघडे ठेवायला सांगा. नवं पिल्लू आणलंत तर दोन आठवडे काजळीपासून वेगळ्या खोलीत ठेवा, जंत आणि लस करून घ्या. भाटी, म्हणजे मादी, निघाली तर तिच्या नावाने डिसेंबरच्या आतली एक तारीख आत्ताच धरून ठेवा, पहिली फुली पडायच्या आधीची.